पाच महिन्यांचे गाव

दसरा उलटला की आमच्या गावाबाहेर, कालव्याच्या पलीकडील माळावर, एक नवे गाव वसते. आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे ते जसे आले तसे नाहीसे होते. त्यास वेस नाही, पार नाही, देऊळ नाही. बांबूच्या तट्ट्या उभ्या करावयाच्या, वर उसाचे पाचट किंवा हल्लीच्या चालीप्रमाणे निळी ताडपत्री टाकावयाची, की झाली कोपी. ऊसतोडीच्या टोळ्यांचे हे गाव. आम्ही येथे राहावयास येऊन चाळीस वर्षे झाली, म्हणजे हे दुसरे गाव वसताना व उठताना आम्ही चाळीस वेळा पाहिले असले पाहिजे. पाहिले म्हणण्यापेक्षा त्याच्या बाजूने गेलो, असे म्हणणे अधिक खरे होईल.

या मंडळींचे मूळ गाव फार दूर नाही. २०२४ साली आमच्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. आमच्या पिढीच्या तोंडी मात्र अद्याप 'नगर'च येते, त्यास इलाज नाही. तर या एकाच जिल्ह्याची दोन तोंडे आहेत. उत्तरेस प्रवरेचे पाणी. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, कालवे वाहू लागले, आणि १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला. दक्षिणेस पाथर्डी, शेवगाव, जामखेड. तेथे बालाघाटच्या डोंगराचा उतार, खडकाळ रान आणि पावसाची कृपा झाली तर बाजरी. उत्तरेचा ऊस दक्षिणेचे हात तोडतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे जातात, कोणी कर्नाटकात, तर कोणी आमच्या माळावर येतात.

'निर्वासित' हा शब्द काढला की आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांस फाळणी आठवते. आम्हांस दुसरी एक गोष्ट आठवते. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीस लागलेले सुमारे ५,००० पोलिश लोक १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत मुख्यतः स्त्रिया व मुलेच होती. ती माणसे परक्या देशाची, परक्या भाषेची. तथापि छावणीत मुलांकरिता शाळा चालत होत्या. आमच्या माळावरील मुले तीस कोसांवरून येतात, मराठी बोलतात, आणि त्यांस निर्वासित म्हणावे तर घर शाबूत आहे, रहिवासी म्हणावे तर पाच महिन्यांनी जागा रिकामी होते. अशा माणसांस कोणत्या वहीत लिहावे, हा प्रश्न वही ठेवणारास पडतो. आम्ही जन्मभर वह्या ठेवल्या, म्हणून हे सांगण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. वडिलांपाशी अमरकोश व लघुकौमुदी झाली, पुढे अध्यापक विद्यालयातील दोन वर्षे झाली, आणि आयुष्य प्राथमिक शाळेत गेले. १९८६ सालच्या पौषातील गोष्ट. कोपीवरची एक आठ वर्षांची मुलगी वर्गात येऊन बसू लागली. कडेवर भाऊ, वर्षा-सव्वा वर्षाचा. त्यास खाली ठेवले की रडे, घेतले की हसे. आम्ही श्लोक म्हणू लागलो की तो मांडीवर बसून टाळ्या पिटी, आणि ताल चुकवीत नसे. पोरे हसत. पुढील आठवड्यात तपासणी व्हावयाची होती. आम्ही त्या मुलीस म्हटले, "पोरी, उद्यापासून याला घरी ठेवून ये." तिने उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी ती भावास घेऊन खिडकीखालच्या ओट्यावर बसली, तिसऱ्या दिवशीही बसली, आणि चौथ्या दिवशी आली नाही. आम्ही हजेरीपटावर तिच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा मारला. शेरा नियमास धरून होता. तपासणीही उत्तम झाली.

'घरी ठेवून ये' असे आम्ही म्हणालो खरे. पण घरी कोण होते? पहाटे तीन वाजता आई उठून भाकरी थापते, चारच्या सुमारास नवरा-बायको फडात जातात. दोघांचा मिळून एक कोयता. टोळीची गणना कोयत्यांवर होते, माणसांवर नव्हे. एकजण तोडतो, दुसरा मोळ्या बांधतो, मग वाहन भरावयाचे. मुकादमाकडून दिवाळीपूर्वीच उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत सुटका नाही. एक दिवस चुकला तर खाडा धरतात व पैसे कापतात. अशा स्थितीत अंगावर पिणारे मूल फडाच्या बांधावर झोळीत, आणि दोन-तीन वर्षांचे मूल आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. झोळी टांगावी तर झाड दूर. खाली निजवावे तर तोडलेल्या उसाचे खुंट, साप, वळणारे ट्रॅक्टर, आणि आमच्या भागात आता उसातच पिढ्या काढणारा बिबट्या.

आणखी एक गोष्ट आम्हांस फार उशिरा उमजली. आपण या लोकांस 'उघडीवाघडी, घरदार नसलेली' समजतो. वस्तुतः त्यांचीही कुटुंबे आपल्यासारखीच एकत्र आहेत. आजी आहे, आजोबा आहेत, चुलते आहेत; पण ते डोंगरावरच्या गावी राहिले आहेत. शाळेत जाणारी थोरली मुले म्हाताऱ्यांपाशी ठेवतात, तान्ही मुले आईबरोबर येतात. म्हणजे ज्या वयात मुलास आजीची सर्वांत अधिक गरज, नेमके त्याच वयात आजी तीस कोस लांब. आपल्या घरी मूल रांगू लागले की एक काकू त्याला चिऊ दाखविते, आत्या घास भरविते, आजोबा मांडीवर घेऊन नाही नाही ते श्लोक ऐकवितात. दिवसाकाठी त्याच्या कानावर किती शब्द पडतात याची मोजदाद आपण कधी ठेवली नाही, कारण त्यासाठी पैसा पडत नाही.

सेवानिवृत्त झाल्यावर आम्ही वर्षभर पोथ्या चाळल्या. चरकसंहितेच्या शारीरस्थानात बालकाच्या खेळण्यांविषयी जे सांगितले आहे ते वाचून आम्ही थक्क झालो. खेळणे रंगीबेरंगी असावे, वाजणारे असावे, जड नसावे, त्यास तीक्ष्ण टोक नसावे, तोंडात जाईल एवढे लहान नसावे, मूल घाबरेल असे नसावे. आजच्या कारखानदारांच्या डब्यावर जी सूचना छापलेली असते ती याहून फारशी निराळी नाही. गृह्यसूत्रे अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगतात. डॉक्टरही सहा महिने पुरे झाल्यावर मऊ अन्न सुरू करावे असेच म्हणतात. आम्ही हे मोठ्या आवाजात वाचून दाखवीत होतो. आमच्या कुटुंबाने निवडता निवडता तांदळाचे सूप खाली ठेविले व विचारले, "अहो, हे सगळे खरे, पण कालव्यापलीकडच्या पोरांना कोण वाचून दाखविणार?"

त्या वर्षीच्या कार्तिकापासून आम्ही उभयता सकाळी नऊ वाजता माळावर जाऊ लागलो.

घरात कुरबुर झाली नाही असे नाही. आमचे ज्येष्ठ बंधू म्हणाले, "पाच महिने शिकवाल, सात महिन्यांत विसरतील. पालथ्या घड्यावर पाणी." थोरल्या सूनबाईंस संसर्गाची काळजी. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा नातू, पुण्यास इंग्रजी नावाच्या बालवर्गात जातो आणि तेथील फीचा आकडा आम्ही येथे लिहीत नाही, कारण आम्हांस तो अजून खरा वाटत नाही. गंमत अशी की, ज्या माँटेसोरीबाईंचे नाव त्या शाळेच्या पाटीवर आहे, त्यांनी आपले पहिले बालगृह १९०७ साली रोम शहराच्या सान लोरेंझो या दरिद्री वस्तीत, कामावर जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठीच उघडले होते. नाताळच्या सुटीत नातू आला, आमच्या मागे माळावर आला, आणि चार दिवसांत उसाच्या पात्याची पिपाणी वाजवावयास शिकला. त्याबरोबर तो एक शब्दही शिकला. तो शब्द त्याने रात्रीच्या पंगतीत सर्वांसमक्ष उच्चारला. उच्चार अत्यंत शुद्ध होता. पुढचे दोन दिवस आमच्याशी घरात कोणी फारसे बोलले नाही.

आम्ही काय करतो ते थोडक्यात सांगतो. सहा वर्षांच्या आतील मुले एका बाभळीखाली जमवितो. कडेवर घेऊन येणाऱ्या बहिणींस भावासकट बसवितो, हे सांगणे न लगे. हात-तोंड धुणे, एक गाणे, एक गोष्ट. नारळाच्या करवंटीत चिंचोके घालून केलेला खुळखुळा, चिंध्यांचा चेंडू, मातीचे बैल. चिंचोके सुटे मात्र कोणाच्या हाती देत नाही. चरकाचार्यांचा तो नियम आम्ही पाळतो. प्रथम आमची समजूत अशी होती की, या मुलांस काही येत नाही. ती समजूत आठ दिवसांत मोडली. चार वर्षांची एक मुलगी आवाजावरून सांगे की येणारा ट्रॅक्टर भरलेला आहे की रिकामा. त्यांचे खेळ पाहावे: एक मुकादम होतो, एक कोयता होतो, मातीची ढेकळे काट्यावर चढवून वजन करतात, आणि मग मुकादम मोठ्याने सांगतो, "खाडा!" हे ज्ञान पाठ्यपुस्तकात नसल्यामुळे पुढे आमच्यासारखे मास्तर त्यास शून्य गुण देतात.

अंगणवाडी नाही काय, असे कोणी विचारील. आहे, आणि तिचा इतिहास महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असा आहे. ताराबाई मोडकांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापिला. १९४५ साली त्या बोर्डीस गेल्या, तेथे अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या, आणि आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे पाहून या बायकांनी बालवाडीच उचलून पाड्यांच्या अंगणात नेली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आमच्या गावची अंगणवाडीताई मोठी गुणी बाई आहे. माळावरच्या मुलांची नावे तिच्या पटावर नव्हती; ती नावे डोंगरावरच्या गावी. तरी तिने ती घेतली, वजने केली, खाऊ दिला. पण तिची खोली कालव्याच्या अलीकडे, दीड मैलावर. तीन वर्षांचे मूल तेथे रोज चालत कसे जाणार? अंगण उचलून नेण्याची ताराबाईंची युक्ती सरकारी इमारत बांधल्यावर जरा अवघड होते.

कायद्याचेही असेच. घटनेचे ४५ वे कलम मुळात चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांविषयी होते. २००२ साली ८६ वी दुरुस्ती झाली. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शिक्षणाचा हक्क मिळाला, ही मोठीच गोष्ट. सहाच्या आतील मुलांसाठी मात्र राज्याने 'प्रयत्न करावा' एवढेच उरले. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने सरकारने वसतिगृहांची योजना काढली तीही शाळकरी मुलांसाठीच; आणि ते योग्यच आहे, तान्हे मूल वसतिगृहात कोण ठेवील? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात एक शहाणपणाचे कलम घातले होते. कामावर सहा वर्षांच्या आतील पाच किंवा अधिक मुले असतील, तर कामावरच्याच एका बाईस ती सांभाळावयास नेमावे व तिला मजुरी द्यावी. ऊसाचा फड हे सरकारी काम नसल्यामुळे ते कलम कालव्यापलीकडे पोहोचले नाही. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांनी इमारतीच्या कामावरील मजुरांच्या मुलांसाठी फिरते पाळणाघर काढले. काम जेथे जाईल तेथे पाळणा न्यावयाचा. फडासाठी याहून निराळी कल्पना सुचावयास हवी असे आम्हांस वाटत नाही. एका टोळीत एका बाईची मजुरी, एवढाच खर्च आहे, आणि तो साखरेच्या पोत्यावर फार जड पडणार नाही.

हे काम शिकलेल्या बाईचेच, असे मानण्याचीही गरज नाही. आमच्याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आले. दोघेही वेल्लोरचे पदवीधर, पुढे अमेरिकेत शिकलेले. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात, तेव्हा त्यांनी गावकऱ्यांस आपल्यातीलच एक बाई निवडावयास सांगितले. बहुतेक निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडास येऊन शिकत व गावी जाऊन मुलांची वजने करीत, जुलाब झालेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी पाजीत, बाळंतिणीस धीर देत. प्रकल्पाच्या गावांत १९७१ साली हजारी १७६ तान्ही मुले दगावत होती. १९७६ साली तो आकडा ५२ वर आला. मधल्या काळात १९७२ चा दुष्काळ होऊन गेला होता, हे ध्यानात घ्यावे. आम्ही मॅट्रिक झालो त्याच वर्षांतील ही हकीकत. आणि घरापासून पंचवीस-तीस कोसांवर हे चालू असता आम्ही सेवेत लागून निरक्षरतेवर निबंध लिहवून घेत होतो.

आता त्या एका मुलाविषयी. तीन वर्षे पुरी झालेली; पण बोलत नसे. पहिली दोन वर्षे त्याची बहुतेक झोळीत गेली होती, त्यामुळे पायही बारीक. कान चांगले होते. ताईने तालुक्याच्या डॉक्टरांस दाखवून आणले. एके दिवशी फडातून परतलेल्या त्याच्या आईस आम्ही विचारले, घरी हा काय बोलतो? ती चूल पेटवीत होती. वर न पाहता म्हणाली, "बोलंल की गुरुजी. त्याच्यासंगं बोलायला आमालाच येळ कुठंय?" तिच्या बोलण्यात दुःख नव्हते, लाजही नव्हती, भाव सांगावा तसे तिने सांगितले. त्यावर आम्ही जे सांगावयास गेलो होतो ते सांगितले नाही.

आमच्या कुटुंबाने मात्र त्या मुलास रोज आपल्या मांडीशी घेऊन बसण्याचा क्रम धरिला. शिकविणे असे काही नाही. "हा बघ कावळा. कावळा काय करतो? ही तुझी करवंटी. वाजव." आम्ही वर्गास श्लोक सांगत असू, आणि त्यांचे हे कावळा-चिमणी चाललेले. आमच्या पदवीधर चिरंजीवांनी आम्हांस एक शोधनिबंध वाचून दाखविला, तेव्हा या कावळा-चिमणीची किंमत आम्हांस कळली. जमेका बेटावरील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या, दोन वर्षांच्या आतील १२९ मुलांवर एक प्रयोग झाला. काहींच्या घरी वस्तीवरच्याच साध्या बायका आठवड्यास एक तास जात, टाकाऊ वस्तूंची खेळणी नेत, आणि आईस मुलाशी बोलावयास व खेळावयास शिकवीत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा या मुलांची कमाई, ज्यांच्या आईस असे कोणी शिकविले नाही अशा मुलांपेक्षा चतुर्थांशाने अधिक भरली. आम्ही हे बंधूंस सांगितले. ते म्हणाले, "दोन वर्षे. तुमचे पाच महिने." बंधूंचे गणित पूर्वीपासून पक्के आहे.

त्यांच्या बोलण्यातूनच पुढची गोष्ट सुचली. सात महिने मूल डोंगरावर असते. तेथेही अंगणवाडी आहे, आजी आहे. तेव्हा फाल्गुनात आम्ही प्रत्येक मुलासाठी एकेक चिठ्ठी लिहिली. मुलाचे वजन इतके, उंची इतकी, लसी कोणत्या झाल्या. त्यास कोणते गाणे येते, कशाची भीती वाटते, काय आवडते. 'सेविकाताईंस सप्रेम नमस्कार' असा मायना, खाली आमचा पत्ता. अशा नऊ चिठ्ठ्या. त्या मुलाच्या चिठ्ठीत आम्ही लिहिले की याचे शब्द अकरा झाले आहेत. आणि ते अकराही लिहून दिले. पहिला शब्द 'काटा' हा होता. कारखान्याचा वजनकाटा. आमच्या कुटुंबास तो शब्द 'कावळा' असावा अशी फार इच्छा होती, पण तो आठवा आला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी ट्रक लागले. भांडी, कोंबड्या, गोधड्या, त्यावर माणसे. आईने चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या पुस्तकात घातलेली आम्ही पाहिली. मुलाच्या हातात करवंटीचा खुळखुळा होता. टोळीत पन्नाशीच्या आसपासच्या दोन-तीन बाया होत्या. १९८६ साली आठ वर्षांची असलेली मुलगी आज साधारण तेवढीच असेल. आम्ही दरवर्षी अशा बायांकडे पाहतो, विचारीत नाही. विचारून त्यांनी ओळख दिली, तर पुढे काय बोलावे हे आम्हांस ठाऊक नाही.

नऊ चिठ्ठ्यांपैकी दोहोंचे उत्तर आले. एक पाथर्डी तालुक्यातील एका सेविकेचा फोन, ज्येष्ठात. ती म्हणाली, मुलगी गाणे म्हणून दाखविते, पण तुमचे गाणे अर्धेच आहे, पुढचे सांगा. आमच्या कुटुंबाने फोनवर पुढचे म्हणून दाखविले. दुसरे उत्तर शाळेच्या मास्तरांचे, दोन ओळींचे. त्या मुलाच्या चिठ्ठीचे उत्तर आले नाही.

यंदा दसऱ्यानंतर माळावर कोप्या पडल्या, पण टोळी दुसरी आहे. मागची टोळी कोल्हापुराकडे गेली, उचल तिकडे जास्त मिळाली, असे मुकादम म्हणाला. बाभळीखाली सध्या चौदा मुले बसतात. त्यांपैकी सहा कडेवरची आहेत. यंदा चिठ्ठ्या दोन-दोन लिहावयाच्या ठरविले आहे, एक सेविकेस आणि एक आजीस. आजीची चिठ्ठी कोणाकडून तरी वाचून घेतली जाईल. बंधूंनी कागदाचा रीम आपणहून आणून दिला आहे, आणि तो आणल्याचे घरात कोणास सांगू नका असेही सांगितले आहे.